ताकाची ओळ

मी शहरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रयोगात कुणी लुडबूड केली की माझं डोकं फिरतं, हे माझ्या विद्यार्थ्यांना चांगलं ठाऊक आहे. पण माझा सगळ्यात सुंदर प्रयोग बिघडवला तो माझ्या वडिलांनी, आबांनी.

गावी, करमाडला, आमच्या घरामागं मिरच्यांच्या चार ओळी असतात. कोकडा पडला, म्हणजे पानं आकसून चुरगळायला लागली, की आई आंबट ताक पाण्यात कालवायची आणि कडुनिंबाच्या डहाळीनं झाडाझाडावर शिंपडायची. आबा तिला जन्मभर चिडवत आले. "मिरच्यांना ताक, अन् मला कोरडी भाकर!" आई म्हणायची, "आधी माझ्या मिरच्या बघा, मग बोला." या भांडणाची दोघांनाही गोडी होती.

आई गेली. पुढच्या लावणीला आबांनी मला विचारलं, "तू एवढी शिकलीस. खरंच असतं का गं काही त्या ताकात?"

त्यांचा चेहरा बघून मला कळलं. या भांडणात त्यांना आता हरायचं होतं.

"बघू की," मी म्हणाले. "निम्म्या ओळींना ताक द्या, निम्म्यांना काहीच नको. बाकी सगळं सारखं."

हंगाम भरात आला तेव्हा सगळ्याच ओळी हिरव्यागार. म्हणजे ताकाचा काही उपयोग नाही, असं मनाशी म्हणते आहे तोच बिनताकाच्या पानांवरही वाळलेले पांढरे शिंतोडे दिसले.

"आबा!"

"अगं, एकीला पाजायचं अन् दुसरीनं बघत बसायचं? तिनं काय घोडं मारलंय?"

मी लई चिडले. अख्खा हंगाम वाया! मग कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. अशा माणसाला काय शिकवणार?

पुढच्या वर्षी मी तडजोड केली. बिनताकाच्या ओळींना त्यांनी नुसतं पाणी शिंपडायचं, म्हणजे उपाशी कुणीच नाही. हे त्यांना पटलं. बांधापलीकडं चुलतभावानं त्याच नर्सरीतली रोपं लावली होती. तो सकाळी शेंद्र्याच्या कारखान्यात शिफ्टला पळायचा, झाडांकडं बघायला त्याला फुरसत नव्हती. त्याची मिरची कोकड्यानं पार आखडून गेली. आमच्या मात्र ताकाच्या ओळी आणि पाण्याच्या ओळी, दोन्ही सारख्याच टवटवीत राहिल्या. या वेळी पाण्याच्या ओळींवर शिंतोडेही नव्हते.

मला सांगावंच लागलं. "ताकात काही दिसत नाही, आबा."

"म्हंजी मी म्हणत व्हतो तेच खरं," ते म्हणाले. भांडण जिंकलेला माणूस इतका हिरमुसलेला मी पाहिला नव्हता.

पण मग पाण्याच्या ओळी वाचल्या कशा? मी त्यांना माझ्यासमोर पाणी शिंपडायला लावलं. ते प्रत्येक झाडापाशी वाकत, पान उलटून बघत, आकसलेला शेंडा खुडत आणि खिशात टाकत.

"हे काय करताय?"

"खुडतोय. तुझी माय ओटीत गोळा करायची अन् चुलीत टाकायची. मी बी तसंच करतो."

हे आजवर कुणी बोललंच नव्हतं, कारण याला औषध कुणी समजलंच नव्हतं. मी त्यांना पानाखालचे बारीक फुलकिडे दाखवले. "हे पसरले की कोकडा वाढतो. काही पाण्यानं धुऊन जात असणार, बाकीचे चुलीत. पक्कं म्हणायला अजून एखादा हंगाम लागेल. पण मला तरी हेच वाटतंय."

"म्हंजी ती खरी व्हती?"

"ताकाबद्दल नाही. मिरच्यांबद्दल होती."

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले. माझेही भरून आले.

पुढच्या रविवारी गेले, तर बादलीत पुन्हा ताक. "अहो, आपण एवढं करून बघितलं ना?"

"व्हय. पण त्या वासानं ती मागं उभी असल्यावाणी वाटतं."

 मी शेजारच्या पाण्याच्या बादलीतही ताक कालवलं. खरंच, त्या ओळींनी तरी काय घोडं मारलं होतं?