कपाटातले चष्मे

शेजारी नवा सोफा आला. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत सोफा येणं ही अजूनही बातमी असते, म्हणून चहाचं बोलावणं आलं. दार उघडताच कोऱ्या प्लास्टिकचा तो गोडसर, नाकात चिकटून बसणारा वास आला आणि मी बसले तीच कर्रकन आवाज करत. सोफ्यावरचं आवरण काढलेलंच नव्हतं. "राहू दे गं, खराब होतो," शेजारीण म्हणाली. तिच्या टीव्हीचा रिमोटही पिशवीत राहतो आणि पिशवीतच म्हातारा होतो. एरवी मी हसले असते. पण वस्तू जपता जपता माणसाचं काय होतं, ते मी कल्याणजवळ, मोहने गावच्या मैदानावर पाहिलेलं आहे.

शाळेत मी खेळाची शिक्षिका, आणि रविवारी एका क्रीडा मंडळात ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मुलींना शिकवायला जायची. काही वर्षांपूर्वी त्या मंडळात लॅक्रॉस नावाचा खेळ अवतरला. लांब काठी, टोकाला जाळीची झोळी, त्या झोळीत चेंडू झेलायचा, पळवत न्यायचा आणि गोल करायचा. चेंडू रबराचा, पण भरीव. हातात घेतला तर दगडच. कुणाला खेळाचं प्रेम उतू जात होतं म्हणून तो आला, असं समजू नका. खो-खो, कबड्डीत गर्दी फार. इथे राज्य पातळी गाठणं सोपं, आणि ती गाठली की दहावीला वाढीव गुण. पालकही एवढंच विचारायचे, "मॅडम, सर्टिफिकेट कधी मिळेल?" मी तीन दिवसांच्या शिबिरात पंचगिरी शिकून आले आणि खरं सांगते, खेळाच्या प्रेमातच पडले. विशेषतः मुलींच्या खेळातल्या एका नियमाच्या. प्रत्येकीच्या डोक्याभोवती वीतभर अंतरावर एक न दिसणारं कडं आहे असं मानायचं. बचाव करणारीनं चेंडू पाडायला समोरच्या काठीवर काठी जरूर मारावी, पण डोक्यापासून दूर. त्या कड्यात तिची काठी शिरता कामा नये. शिरली की शिट्टी. लागलं की नाही हा प्रश्नच नाही. मुलींना जन्मभर अंग चोरून चालायला शिकवणाऱ्या आपल्या मुलखात, मुलीच्या भोवती वीतभर जागा तिच्या हक्काची आहे आणि ती दुसरीनं सांभाळायची आहे, असं कुणीतरी नियमात लिहून ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मंडळाच्या सचिवांना असलं कसलंही अप्रूप नव्हतं. हे गृहस्थ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुरक्षेचंच काम बघायचे. म्हणजे 'सुरक्षा प्रथम' या पाटीखाली बसून चहा प्यायचे. डोळ्यांवर लावायचे तारेच्या जाळीचे चष्मे मंडळाकडे आले होते, सगळ्या मुलींना पुरतील एवढे. ते सचिवांच्या लोखंडी कपाटात, आपापल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, कुलूपबंद. दसऱ्याला बाहेर निघायचे. काठ्या आणि चष्मे पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडूचं एकेक फूल ठेवून त्यांची साग्रसंगीत शस्त्रपूजा व्हायची. पाहुणे आले की फोटोपुरते मुलींच्या डोळ्यांवर चढायचे आणि फोटो झाला की परत पिशवीत. मी भांडले तेव्हा सचिव समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, "अहो मॅडम, मुलांच्यात धक्काबुक्की असते म्हणून त्यांना हेल्मेट. मुलींना डोक्याकडे काठी न्यायचीच नाही असा नियम आहे ना? मग लागेल कसं?" काय बुद्धी! चोरी करू नये असा कायदा आहे, तेव्हा दाराला कडी कशाला, असं हा माणूस स्वतःच्या घरी म्हणाला असता का? उंटावरचा शहाणा म्हणावं, तर त्याला निदान उंटावर चढावं तरी लागतं.

निवड चाचणीचा सामना मोहन्याला होता. दोन्ही संघ मीच शिकवलेले, पंचही मीच. फोटो झाला, चष्मे पिशव्यांत गेले. मी ठणकावून सांगायला हवं होतं की चष्म्यांशिवाय खेळ सुरू करणार नाही. नाही सांगितलं. मध्यंतरात सचिव आले आणि कानाशी म्हणाले, "जरा शिट्ट्या कमी करा ना मॅडम. पाहुणे कंटाळलेत." आणि मी, नियमाच्या प्रेमात पडलेली बाई, मान डोलावली.

चेंडू मोहन्याच्याच एका मुलीकडे होता. सगळ्यांत चपळ पोरगी. बचावाला वर्तकनगरची एक उंच, अबोल मुलगी. तिची काठी आडवी आली आणि वीतभराच्या कड्यात शिरली. मी ते स्वच्छ पाहिलं. शिट्टी दातांत होती. पाहुणे बसलेल्या मंडपाकडे नजर गेली, आणि मी शिट्टी वाजवली नाही. आपलं काही चुकत नाही असंच त्या उंच मुलीला वाटलं असणार, कारण लगेच तिनं काठी पुन्हा तशीच फिरवली. या वेळी ती डोळ्यावर बसली.

पोरीचा डावा डोळा गेला. पुढच्या रविवारी सचिवांनी कपाट उघडून सगळ्यांना चष्मे वाटले. आमच्याकडे वरातीमागून निघालेल्या घोड्यालाही हार घालतात. उंच मुलीला सगळ्यांनी दुष्ट ठरवलं. तिनं खेळ सोडला, मग शाळेत कुणाशी बोलणंही सोडलं. मी गप्प होते. सचिवांची टिंगल मी आजवर पन्नास ठिकाणी केली असेल. ती करताना माझी जीभ फार सैल सुटते, हे मला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात डोंबिवलीत, एका औषधाच्या दुकानात ती मोहन्याची मुलगी भेटली. आता तिथेच काम करते. मला बघून खुलली, चहा मागवला. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं राहिलेलं. त्याच्या आधी एकदा तिची काठी माझ्या तोंडाजवळ आलेली. तेव्हा तुम्ही शिट्टी वाजवलेली ना? मला ऐकूच नाही आली बघा."

मान किंचित वळवून, चांगल्या डोळ्यानं ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो गं, वाजवलेली."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "म्हणजे शिट्टी ऐकूनसुद्धा मारलं तिनं."

काळ सगळं बोथट करतो म्हणतात. असेल. तिच्या मनात राग जेमतेम धुगधुगत उरला होता, विझायलाच आला होता. मी त्यावर फुंकर घातली आणि तिनं मागवलेला चहा पिऊन घरी आले. ती उंच मुलगी वर्तकनगरलाच, माझ्या मागच्या गल्लीत राहते. दिसली की अजूनही खाली मान घालून वाट सोडते.