कमरेइतका ओटा

शशिकला टोकेकर आम्हाला चित्रकला शिकवायच्या, आणि फुलदाणीचा त्यांना मनापासून राग होता. स्नेहलतागंजातल्या आमच्या मराठी मुलींच्या शाळेत एकच पितळी फुलदाणी होती. तिची चित्रं काढून काढून कितीतरी मुली परीक्षा पास झाल्या. "हिला आता पेन्शन द्या," असं बाई म्हणायच्या. नवा मध्य प्रदेश होऊन पाचेक वर्षं झाली असतील. एका शनिवारी त्यांनी आम्हा नववीच्या मुलींच्या काखेत ड्रॉइंगच्या फळ्या दिल्या आणि आम्हाला थेट कोपऱ्यावरच्या सरकारी नळावर नेऊन बसवलं.

गावभर बोभाटा झाला. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि पणती नळावर बसून चिखल रंगवते! माझ्या वडिलांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मुख्याध्यापिका आनंदीबाईंनी टोकेकरबाईंना बोलावून सांगितलं, "चार शनिवार देते. यातून लोकांच्या उपयोगाचं काही निघालं तर मुली दर शनिवारी बाहेर जातील. नाही तर फुलदाणी, कायमची."

"निघेल," बाई म्हणाल्या. बाईंचा स्वभावच असा की आधी कबूल करायचं आणि मग विचार करायचा.

नळाखाली चिखल होता. बाया भांडी जमिनीवर ठेवत आणि भरली की वाकून उचलत. आम्ही ओट्याचं चित्र काढलं. उंची ठरवायला वर्गातल्या वीस जणींच्या कमरा मोजल्या आणि सरासरी काढली. काठावरची कमळाची वेल माझी होती, आणि तिचा मला फार गर्व होता. शाळेच्या कमिटीतले अप्पासाहेब महापालिकेची परवानगी, दगड आणि गवंडी घेऊन आले. महिन्याभरात ओटा उभा राहिला.

नारळ फुटला. पहिली आमची शेजारीण सुलोचनाकाकू आली. तिने ओट्यावरची भरलेली कळशी अलगद कमरेवर घेतली आणि निघाली. टाळ्या पडल्या. मग आली गंगूबाई. ती बेटमा गावाकडची, मिलच्या चाळीत राहायची. तिने दोन घडे भरले, एकावर एक ठेवले आणि उभी राहिली. उचलेचना.

"यो ओटलो तो तमारी कमर को हे, बैनजी," ती म्हणाली. "हम तो माथा पे लइ जावां. कोई हाथ लगाओ."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आमच्या घरात पाणी कमरेवरून येतं, म्हणून जगात ते तसंच येतं असं आम्ही धरून चाललो होतो. नळावर चार शनिवार बसून आम्ही डोक्यावरचे घडे काढले होते, पण ते डोक्यावर चढतात कसे हे एकीनेही पाहिलं नव्हतं. मला गंगूबाईचा भयंकर राग आला. माझ्या कमळांचं तिने काहीच कौतुक केलं नाही.

टोकेकरबाईंचे कान लाल झाले. त्यांनी तिथेच टेप काढली. "गंगूबाई, कितना ऊँचा चाहिए? हात ठेवून दाखवा." गंगूबाईने खांद्यापाशी हात धरला.

"सोमवारपासून फुलदाणी," आनंदीबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सोमवारी फुलदाणी टेबलावर होती. बाईंनी ती उचलून कपाटात टाकली, दार लावलं आणि खिडकीतून हाक मारली. गंगूबाई आत आली, डोक्यावर दोन भरलेले घडे घेऊन, आणि वर्गाच्या मध्यभागी उभी राहिली.

"काढा," बाई म्हणाल्या.

पंधरा मिनिटं पेन्सिलींचाच आवाज होता. मग दारात आनंदीबाई. "हे काय चाललंय?"

"वस्तुचित्र. मुलींनी बाहेर जायचं नाही ना, म्हणून बाहेरचं आत आणलं."

आनंदीबाई काही बोलणार, तोच गंगूबाई म्हणाली, "बड़ी बैनजी, अब उतरवा दो. गरदन दुखे हे."

टोकेकरबाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या. आम्हीही जागच्या हललो नाही. शेवटी आनंदीबाई पुढे झाल्या. वरचा घडा कसाबसा उतरला. खालच्याला हात घातला आणि त्यांच्या खळ केलेल्या महेश्वरी साडीवर पाणी सांडलं. घडा टेबलावर ठेवून त्या धापा टाकत राहिल्या.

"रोज कौन उतरवाता है?" त्यांनी विचारलं.

"जो मिल जाय. कोई नी मिले तो ऊबी रऊं."

आनंदीबाईंनी पदर पिळला. बराच वेळ पिळत होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा माझी लाज वाटली, कमळांसकट.

"शनिवारी," त्या टोकेकरबाईंना म्हणाल्या, "मुलींना नीट मापं घ्यायला सांगा. या वेळी त्यांची स्वतःची नकोत."

पावसाळ्याआधी ओट्याच्या शेजारी खांद्याइतका दगडी कठडा झाला. त्यावर वेलबुट्टी नव्हती. नारळही नव्हता. आम्ही फळ्या घेऊन समोरच्या फुटपाथवर बसलो होतो. गंगूबाईने घडे भरून कठड्यावर एकावर एक ठेवले, जराशी वाकून डोक्यावर ओढून घेतले आणि सरळ उभी राहिली. हात लावायला आम्ही तिघी उठलो होतो.

तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही खाली बसलो आणि तिची जाणारी पाठ काढायला घेतली.