बोंबलाचा तुकडा

साल दोन हजार सोळा, मी बहात्तर वर्षांचा. आमची मांजर मनी पंधराची. तिची किडनी बिघडली म्हणून डॉक्टरने खारं बंद केलं होतं. मी म्हटलं, कोळ्याच्या घरातल्या मांजरीला कसलं पथ्य? सुनेची पाठ वळली की मी ताटातला सुक्या बोंबलाचा तुकडा मनीला द्यायचो.

त्या दिवशी ती पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली होती. तोंड पाण्याला टेकलेलं, पण पीत नव्हती. सून म्हणाली, "मामा, रक्ताचा रिपोर्ट आणखी बिघडलाय. तुम्ही काही घातलंत का हिला?"

"मी कशाला घालू? मला काय कळत नाय?"

"तुम्हाला सगळं कळतं, त्याचीच भीती वाटते."

जन्मभर माया म्हणजे पानात वाढणं, एवढंच मला ठाऊक. समोरचा नको म्हणाला की आणखी वाढायचं. वाढणाऱ्या हाताने कुणाचा जीव जाईल, हे कधी मनातच आलं नव्हतं. मनीचं पोट भराभर हलत होतं, आणि माझी नजर तिथून निघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला खरं सांगितलं, आणि डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे तिने सलाइनची सुई टोचली तेव्हा मनीला मीच धरून बसलो.