शेवटचं मूल दिसेपर्यंत

गॅसवर दूध, माझ्या हातात धाकटीची वेणी, आणि वन्सं "माझा चष्मा कुणी नेला?" म्हणून घर डोक्यावर घेतलेल्या. चष्मा त्यांच्याच डोक्यावर. अशा आमच्या रोजच्या सकाळी दार वाजलं.

दारात मंत्री आणि विरोधी पक्षाचे नेते. सभागृहात एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे आमच्या पायपुसण्यावर खांद्याला खांदा लावून उभे!

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. डोंगरावरच्या एकशिक्षकी शाळेत त्यांची उभी नोकरी गेली. तिथे घंटा घड्याळ बघून होत नसे. पलीकडच्या वस्तीतून चालत येणारं शेवटचं मूल वळणावर दिसलं की मग घंटा. एकदा तपासणीला आलेले साहेब कुरकुरले, "बाई, घड्याळ बंद पडलंय का?" वन्सं म्हणाल्या, "घड्याळाला काय झालंय? पोर वाटेत आहे अजून."

निवृत्तीनंतर लोकांनीच त्यांना आमदारकीला अपक्ष म्हणून उभं केलं, निवडूनही आणलं. आणि नेमका शाळांच्या निधीचा कायदा अडकला. सरकारला छोट्या शाळा बंद करून पैसा मोठ्या शाळांत घालायचा होता. विरोधक म्हणत, एकही बंद होऊ देणार नाही. मतं समसमान, पारडं फिरवणारं मत एकट्या वन्संचं. कायदा नाही म्हणून निधी नाही. शाळांत खडूसुद्धा येईना. वन्सं दोघांच्याही दारी खेटे घालत राहिल्या. थोडं तुम्ही सोडा, थोडं तुम्ही.

"बाई, जमलं एकदाचं," मंत्री खुर्चीवर टेकत म्हणाले. "छोट्या शाळा राहतील. फक्त अगदीच कमी पटाच्या बंद होतील. तिथल्या मुलांना खालच्या शाळेत न्यायला गाडी देऊ."

विरोधी नेते आपल्या मोज्यांकडे बघत पुटपुटले, "पण बाई, त्यात तुमचीही शाळा येते."

दूध उतू गेलं. मी जागची हलले नाही.

"तेवढी एक वगळू की," मंत्री घाईने म्हणाले. "कोण विचारतंय?"

"मी विचारीन ना! वाढणारी मीच, म्हणून माझ्याच ताटात जास्त? नाही जमायचं." वन्संनी उठून गॅस बंद केला. "बाकीच्या तगतात ना? मग माझं मत धरा."

सासूबाई म्हणायच्या, ही मुलगी मोडेल पण वाकणार नाही. आज ती वाकली, आणि सासूबाईंनी हे पाहायला हवं होतं, असं मला फार वाटलं. माझीच मान ताठ झाली.

दोघे उठले. दाराशी मंत्री थबकले. "बाई, तुमच्यासाठी काय करू? मागा काहीही."

वन्संना डोक्यावरचा चष्मा एकदाचा सापडला. तो पदराने पुसत त्या म्हणाल्या, "गाडीवाल्याला एवढं सांगा. वळणावर शेवटचं मूल दिसल्याशिवाय गाडी सोडायची नाही."