वहिनींचा स्वतःचा नंबर

परवा लॅबमध्ये माझ्या रिपोर्टची वाट पाहत बसले होते. काउंटरपाशी पन्नाशीच्या एक बाई आणि त्यांचे दीर उभे होते. तिथल्या मुलीने विचारलं, "तुमचा रिपोर्ट तयार आहे. नेहमीच्याच नंबरवर पाठवू ना?"

"हो, माझ्याच," दीर म्हणाले. "मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकतो."

"नको, भाऊजी." बाईंचा आवाज कापत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "मागच्या वेळी सोनोग्राफीत गाठ दिसली, तेव्हा मला कळायच्या आधीच नागपूरच्या आत्याबाईंचा रडत फोन आला. ताई, तो नंबर काढा आणि माझा घाला."

"अहो वहिनी, काळजीपोटीच टाकलं होतं."

"ठाऊक आहे मला. पण शरीर माझं आहे ना?"

मुलीने नंबर बदलला. बाई खिडकीपाशी जाऊन एकट्याच मोबाइल वाचू लागल्या. मला वाटलं, दुखणं सोसायचं आपण एकट्याने आणि त्याची बातमी मात्र बोटाच्या एका टिचकीसरशी गावभर! निदान पहिलं रडू किंवा पहिलं हसू तरी आपलं आपल्याला मिळायला हवं.

बाईंनी डोळे पुसले आणि ताठ मानेने परत आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, साधी गाठ आहे! काही झालेलं नाही मला!"

आपली बातमी आपल्या तोंडाने सांगण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.