दात पडलेला कोल्हा आणि आमची सोसायटी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत वार्षिक सभा कशी होते सांगतो. चेअरमन विषयाचा नुसता आकडा म्हणतात, "मंजूर?" विचारतात, आणि सगळे एका सुरात "मंजूर" म्हणून समोशाकडे वळतात. इतकी वर्षं असंच चाललंय. कोणाला काही वाटत नाही.

माझ्या बायकोला वाटलं. पन्नाशी ओलांडल्यावर तिने आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं, गणपतीत आमच्याच मंडपात करायला. एका खुराड्यावर कोल्ह्याचं राज्य. कोल्हा म्हातारा, दात पडलेला. कोंबड्याच त्याला अंडी सोलून भरवतात आणि तो जे बोलेल त्याला "मंजूर" म्हणतात. शेवटी एक म्हातारी कोंबडी विचारते, "कशाला मंजूर म्हणालात गं?" बस, त्या एका प्रश्नासाठी बाईने अख्खं नाटक लिहिलं होतं.

चेअरमननी वाचायला मागितलं. दुसऱ्या दिवशी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, झकास आहे. फक्त तो शेवटचा प्रश्न काढा. सणासुदीला वातावरण कशाला बिघडवायचं? नाहीतर स्टेज देणं कठीण आहे."

तिने त्यांच्यासमोर पेनाने ती ओळ खोडली. माझं डोकंच फिरलं. ते गेल्यावर म्हणालो, "अगं, एवढी मेहनत केलीस आणि लगेच मान डोलावलीस?"

ती कपबशा उचलत तिच्या मालवणीत म्हणाली, "माझो बापूस दशावतारात काम करी. थंय संवाद कोण लिवन् ठेयता?"

प्रयोगाला मंडप भरला होता. चेअरमन पहिल्या रांगेत, शेजारी मी. कोल्हा म्हणाला, "आजपासून खुराड्याला कडी बाहेरून. मंजूर?" स्टेजवरच्या कोंबड्या "मंजूर" म्हणाल्या, आणि देवाशप्पथ सांगतो, मागून अख्खा मंडपही म्हणाला. सवयच ना.

म्हातारी कोंबडी आमची ही स्वतःच झाली होती. पुढे आली, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या तर कोंबड्या. तुमी कित्याक मंजूर म्हणालात?"

हसू पसरलं आणि हळूहळू विरलं. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांका तर सगळा नाटक पाठ आसा. तरी सगळ्यात मोठ्यान ह्येच वरडले."

खरं होतं. घरी रोज तालीम ऐकूनही मी ओरडलो होतो. सगळा मंडप माझ्यावर हसला, आणि मला काय वाटलं विचाराल तर छाती फुगली. दहा वेळा हसा म्हटलं, बायको माझी आहे. चेअरमन मात्र मोबाइल बघत बसले.

पुढच्या सभेत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "विषय चार. मंजूर?"

या वेळी कोणी "मंजूर" म्हणालं नाही. समोसे गार होत होते. सगळे हिच्याकडे बघायला लागले, पण ही चष्मा पुसत बसली. शेवटी तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आधी वाचा तरी."

चेअरमननी वाचलं. आमची गच्ची मोबाइल टॉवरला भाड्याने द्यायची होती. मग त्यांनी विचारलं, विरोधात कोण?

मी हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतास? तुमचा तुमी ठरवा."

मग मी ठरवलं आणि हात वर केला.