डाळ मिलची तक्रारपेटी

तूर भरडली की चाळणीखाली चुनी साचतेच. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग. आमच्या मिलमधल्या किश्शांचं तसंच झालंय. चुनी निदान म्हशी खातात, किस्से कुणाला घालू? म्हणून लिहायला बसले.

राणीसावरगावच्या रस्त्याला आम्हा बायकांची शेतकरी कंपनी आहे, तिची ही डाळ मिल. मी अध्यक्ष. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. वाचायला शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून. आधी ‘गंगाखेड’ वाचता आलं, मग ‘सोनपेठ’, आणि ‘ईएसजी’ पार सत्तरीत!

झालं असं, की पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला आमची डाळ पसंत पडली. पण आधी ईएसजीची तपासणी, म्हणजे पर्यावरण, माणसं आणि कारभार. पास झालो तर करार, आणि मिल बारा महिने चालू. नापास झालो तर तीन महिने डाळ, मग दाराला कुलूप, आणि निम्म्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला. एवढं सगळं एका फॉर्मवर लटकलेलं!

*

फॉर्म घेऊन आला निखिल नावाचा तरुण साहेब. त्यानं अंगणात पडदा लावला. म्हणाला, “पर्यावरण सांभाळलं, माणसं सांभाळली, कारभार स्वच्छ ठेवला, की गुंतवणूक येते आणि देशाचा जीडीपी वाढतो.”

मी विचारलं, “हे खरं हाय, का नुसतं छापलंय?”

पोरगा प्रामाणिक निघाला. “आजी, सगळीकडं सारखं नाही. श्रीमंत देशात फायदा लवकर दिसतो. बाकीच्यांना आधी खर्चच दिसतो, वाढ मागून येते. आणि कारभारच बिघडलेला असेल तर बाकी दोन्ही कागदावरच राहतात.”

“मंग हे आधी सांगायचं की! हीर खांदताना पयल्यांदा मातीच निघती. आमाला का ठाऊक न्हाई?”

कौसाबाई पदर झटकून उठली. ती आमची चाळणीवरची जुनी बाई. जाता जाता तिनं विचारलं, “साहेब, देश वाढला म्हंजी आमाला फोन करताल ना? न्हाईतर आमी मिलमधीच असतोत, कळायचं न्हाई.”

*

फॉर्मवर एक रकाना होता, ‘कचरा किती?’ मी सांगितलं, काहीच नाही. चुनी म्हशींना, टरफल खताला, रिकामे कट्टे, म्हणजे पोती, परत शेतकऱ्यांना. निखिलनं मोबाइलमध्ये शून्य टाकलं. मोबाइल शून्य घेईना. लाल रेघ मारायलाय नुसता.

“काहीतरी लिहावंच लागेल, आजी.”

मी मिलभर फिरून आले. खरं तेच लिहायचं म्हटल्यावर शोधावं तर लागणार. आल्यावर सांगितलं, “लिवा. तपासणीचे कागद, दीड कट्टा.”

*

पुढचा रकाना संचालक मंडळाचा. सगळ्या बायका बघून मोबाइलनं पुन्हा लाल रेघ मारली. स्त्री-पुरुष दोन्ही पाहिजेत म्हणे! जन्मभर आम्हाला सतरंजीच्या कडेला बसवलं तेव्हा कुठं होती ही रेघ, देव जाणे.

शेवटी कौसाबाईच्या मालकाला, बापूरावांना, घेतलं. बापूराव पहिल्या बैठकीला फेटा बांधून आले. दोन तास बसले. चहा प्याले. मग घसा साफ करून म्हणाले, “मला बी दोन शब्द बोलायचे व्हते.”

मी फॉर्म खालून वर वाचला. म्हटलं, “भाऊजी, फॉर्मवर तसं काई लिवलेलं न्हाई.”

*

या फॉर्ममुळं एक गोष्ट मात्र मी आधीच केली होती. मिलमध्ये तंबाखू-मिश्री बंद! खायची वस्तू तिथं बनते. नियम माझा, शिक्षाही मीच ठरवली : सापडली ती आठ दिवस कामाला आणि पदाला बाहेर. पदं म्हणजे काय, तर दोनच : अध्यक्ष मी आणि उपाध्यक्षीण माझी सून सुनीता.

पहिल्याच आठवड्यात कौसाबाई मिश्री लावताना सापडली. रडली, भांडली, मला शिव्या दिल्या. मी हटले नाही. मग ती आठ दिवस मिलसमोरच्या कडुलिंबाखाली पोतं टाकून बसली आणि सगळ्यांच्या देखत खुशाल मिश्रीनं दात घासत राहिली.

“इथं तुजा नियम न्हाई, सरूबाई! लिंब सरकारी हाय!”

*

सगळ्यात मजा आली ‘नातेसंबंध जाहीर करा’ या पानावर. संचालकांचं आपसात नातं असेल तर लिहायचं. निखिल पेन घेऊन बसला. ही हिची जाऊ. ती हिची नणंद, आणि हिच्या भावाला दिलीय ती तिचीच पोरगी. सासू-सून तर समोरच बसलेल्या. दुपार झाली, पान संपलं, पाठपोट संपलं.

“अहो, कुणाशीच नातं नसलेलं इथं कोणी आहे का?”

“तुमीच,” मी म्हटलं.

कौसाबाईनं त्याला न्याहाळलं. “माय कुठली तुजी?”

“सोनपेठची.”

“कुण्या गल्लीतली?”

घड्याळात पाच मिनिटं झाली नसतील. त्याची आई बापूरावांची चुलत बहीण निघाली! कौसाबाईनं तिथंच त्याच्यावरून बोटं मोडली. निखिलच्या हातात तिनंच दिलेला चहाचा कप होता. त्यानं तो हळूच खाली ठेवला.

“आता हा घेता येणार नाही, मामी. आणि तपासणीही मला करता येणार नाही.”

“अरं पण चार येळा पेलास की!”

“तेव्हा तुम्ही मामी नव्हता.”

*

त्यानं वर कळवलं आणि मोठ्या मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या. सगळं तपासलं, शेवटी म्हणाल्या, “तक्रारपेटी उघडा.”

पेटी आम्ही तीन महिन्यांपूर्वी फॉर्मसाठी टांगली होती. किल्ली सुनीताकडं. मॅडमला वाटलं चिठ्ठ्या निघतील. पण आमच्या बऱ्याच बायकांना लिहिता येत नाही. त्यांनी ज्याची तक्रार तेच आत टाकलं होतं. फाटका हातमोजा. चाळणीची तुटकी तार. मोटारीच्या पट्ट्याचा जळका तुकडा, अजून वास मारत होता. मॅडम एकेक वस्तू उचलून वहीत लिहून घेत होत्या. सांगावं काहीच लागलं नाही.

मग सुनीतानं पेटी झटकली आणि पितळेची एक डबी खणकन पडली.

मिश्रीची. झाकणावर मोर. गावात तशी डबी एकच.

मिल बंद होती, तरी मोटार चालू असावी तसं डोकं घुमलं माझं. गोदामाच्या मागं, कुणी बघत नाही म्हणून, दोनदाच लावली होती. कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. सुनीता जमिनीकडं बघायली.

“कुणाची?” मॅडमनी विचारलं.

“माजी,” मी म्हटलं. “सुनीता, वही काढ. आजपासून आठ दिवस.”

 मॅडमनी डबी वहीत लिहिली आणि त्या गेल्या. आता नापासच, हे सगळ्यांनी धरलं.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. मी लिंबाखाली पोत्यावर. मॅडमनी करार काढला. पास! बायकांनी एकच गलका केला.

“इथं अध्यक्षांची सही. आजच लागेल. उद्या बैठक आहे, नाहीतर हे काम दुसऱ्या मिलला जाईल.”

“मी आठ दिवस अध्यक्ष न्हाई, मॅडम. उपाध्यक्षीण करंल.”

“तुमच्याच कागदावर आहे, करारावर सही फक्त अध्यक्षांची.”

तेही कलम माझंच!

सगळ्या बायका माझ्याकडं बघायल्या. कौसाबाईसुद्धा म्हणाली, “कर बये, माजं सोड.” सुनीता जवळ आली, हळू आवाजात म्हणाली, “आत्याबाई, करा ना सही. कुणाला कळणार हाय?”

“तुला कळंल,” मी म्हटलं.

गाडी धुरळा उडवत गेली. त्या संध्याकाळी माझ्याशी कुणी बोललं नाही. दोघीजणींनी ऊसतोडीच्या मुकादमाकडं निरोपही धाडला. मी पुढचे दिवस लिंबाखाली बसून काढले, दात न घासता.

नवव्या दिवशी सकाळी मी मिलमध्ये पाय ठेवला आणि मागोमाग गाडी आली. मॅडमनी बैठक पुढं ढकलली होती. टेबलावर करार पसरला, पेन माझ्या हातात दिलं, मग म्हणाल्या, “थांबा, आधी पेटी.”

सुनीतानं कुलूप काढलं, पेटी उलटी केली. गुळाचा एक खडा पडला.

“ही कसली तक्रार?” मॅडमनी विचारलं.

आमच्याकडं चांगलं काही घडलं की गूळ देतात. मी खडा उचलून बघितला. आजचा नव्हे, मी सही नाकारली तेव्हाचा असावा; मुंग्यांनी तो निम्मा खाल्लेला होता.